बरी प्रत

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (आईने सांगितलं म्हणून साष्टांग. प्रत्यक्षात मी बाबांच्या शिक्क्यांच्या दुकानात, मागच्या टेबलाच्या कोपऱ्यावर अर्धवट टेकून आणि एक डोळा दाराकडे ठेवून लिहिते आहे. यात किती अंगं लागली ते तुम्हीच ठरवा.) तुमची तब्येत कशी आहे? डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्हाला घरातली धूळ दिसायला लागली आणि मामींनी तुमच्याच हातात फडकं दिलं, हे वाचून आई दिवसभर हसत होती. उजव्या डोळ्याचं कधी करणार? हे मी निव्वळ काळजीपोटी विचारत नाहीये, पण ते पुढे. अक्षर फार बारीक झालं आहे, क्षमा करा. त्यालाही कारण आहे. वाचवत नसेल तर मामींकडून वाचून घ्या.

तुमचं पत्र मिळालं. 'कॅमेरा थोडे दिवस दिला होता, आता सहलीला न्यायचा आहे, कुरिअरने पाठव' हे तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. पाठवते. म्हणजे पाठवणारच आहे. पण त्याआधी या कॅमेऱ्याने मला काय दिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिसायला साबणाच्या डबीएवढा, पण काय चित्र येतं, मामा! आईच्या स्वेटरचा एकेक टाका, टाक्यावरची लव, लवेवर अडकलेला पिठाचा कण! मी शिकवते त्या शाळेच्या कचेरीतल्या मोठ्या पडद्यावर फोटो वाढवत नेते आणि चित्र फाटतच नाही. जितकं आत जावं तितकं आणखी काहीतरी सापडतं. (मुख्याध्यापिका बाई मागे येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा पडद्यावर फक्त आमच्या आईचं नाक होतं. 'हे कुठल्या विषयाचं?' एवढंच त्यांनी विचारलं.) भिंग बदलता येत नाही, लांबचं जवळही आणता येत नाही. जवळचं हवं तर आपण चालत जायचं, सगळं मावायला हवं तर मागे सरायचं. हे मला फार प्रामाणिक वाटतं. आई पूर्ण मावावी म्हणून अशीच प्रामाणिकपणे मागे सरत सरत मी भिजत घातलेल्या कपड्यांच्या टबात बसले. तोही फोटो निघाला आहे. त्यात आई हसते आहे आणि तिची दाढ भरून घेतलेली स्पष्ट दिसते.

बसवेना म्हणून मध्येच उठून दाराशी जाऊन आले. बाबा अजून गिऱ्हाइकाशी बोलत आहेत. ठीक.

तर गेल्या महिन्यात मी दुकानातल्या नमुन्यांच्या फळीचा फोटो काढला. बाबा जो शिक्का करतात त्याचा एक ठसा तिथे चिकटवतात, हे तुम्हाला माहीतच आहे. फोटो मोठा केला आणि मी हरखूनच गेले. स्वस्त कॅमेऱ्याचे कोपरे धुरकट येतात, इथे डाव्या कोपऱ्यातलं अक्षरसुद्धा सुईने कोरल्यासारखं! शाई कुठे दाट, कुठे विरळ, कागदाचा खरखरीतपणा, सगळं. त्या कोपऱ्याचं कौतुक करण्यात मी दोन दिवस घालवले, तेव्हा कुठे माझ्या पदवीधर डोक्यात आलं की तिथे काय लिहिलंय ते वाचावं. तिथे लिहिलं होतं, 'बरी प्रत'.

मामा, तो शिक्का आमच्याच शाळेचा. 'खरी प्रत' असा हवा होता. आमचे कारकून कित्येक दिवस मुलांच्या दाखल्यांवर तो दणादण मारत होते, खाली बाईंची सही होत होती, आणि आमची मुलं बऱ्या प्रती घेऊन जगात जात होती. एकानेही काही म्हटलं नाही. मी धावत बाबांकडे गेले. ते म्हणाले, "पदवीधर, फोटो बघायला काढतात, तपासायला नाही." आणि मग, "तू सरळ वाचतेस. आम्ही आयुष्यभर उलटी अक्षरं जुळवली. होतं एखादं."

एखादंच असतं तर मीही सोडून दिलं असतं. पुढच्याच आठवड्यात मालवाहतुकीच्या गोदामाचे मालक आले. पावत्यांवर मारायला त्यांनी 'माल पोचला' असा शिक्का करून नेला होता. त्यातल्या 'पो'ची काना-मात्रा गळाली होती.

"अहो, निम्म्या बाजाराला मी लेखी कळवलंय, तुमचा माल पचला म्हणून!" ते ओरडले.

"एक काना-मात्राच तर गेली," बाबा म्हणाले.

"ती मात्रा मला चांगलीच लागू पडली! आता पुढचा शिक्का कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडून."

बाबांनी नवा शिक्का करून द्यायचं कबूल केलं आणि मालक गेल्यावर मला म्हणाले, "तुझा तो कॅमेरा जरा इथे ठेव. उजेड कसा येतो ते बघायचंय."

माझ्या आनंदाची कल्पना करा. घरात पहिल्यांदाच कुणालातरी माझं म्हणणं कळलं होतं! मी त्यांना उजेडावर, सावलीवर, छायाचित्राच्या सत्यनिष्ठेवर एक लांबलचक व्याख्यान दिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते फुलाचं बटण दाबलं की अगदी जवळचं येतं ना? आणि मग मोठं करायचं कुठून?" तेव्हापासून कॅमेरा दुकानातच आहे. कार्ड बघितलं तर त्यात नुसते खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं. उलटे 'क', उलटे 'म', चौकटीत कसलेल्या ओळीच्या ओळी. मला वाटलं, आमच्या घरात एक कलावंत इतकी वर्षं दडून बसला होता. मी त्या फोटोंना 'अक्षरांचं रान' असं नावही दिलं, स्पर्धेला पाठवणार होते. मग बाबांचा मी काढलेला एक सुंदर फोटो (खिडकीशी, मिशीचा केस अन् केस दिसतो) छापून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "तुझी आई छान आली आहे."

आई म्हणाली, "इतक्या वर्षांच्या संसारात एकदा स्तुती केली, तीही स्वतःचा फोटो बघून." आम्ही सगळे हसलो. बाबाही हसले, जरा उशिरा.

असो. सांगायचा मुद्दा, चित्राचा दर्जा अप्रतिम आहे, आणि माझा छायाचित्रणाचा अभ्यास अर्ध्यावर आहे. तेव्हा कॅमेरा आणखी थोडे दिवस राहू द्याल का? मामींना नमस्कार.

आपली भाची

ता. क. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त कारण खोटं आहे. माझा अभ्यास कधीच संपला. बाबांना अक्षरं दिसत नाहीत, मामा. ते खिळे बोटांनी चाचपून जुळवतात, मग फोटो काढून, मोठा करून, एकेक अक्षर सरकवत वाचतात. कॅमेरा दुकानात आल्यापासून एकही शिक्का चुकलेला नाही. मी डॉक्टरांचा विषय काढला तर म्हणाले, "मला काय तुझ्या मामासारखं शिंक आली की दवाखाना लागतो?" आणि तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथ घातली. मी शपथ मोडते आहे. घरात एवढं शिकून जर मी दिसतंय ते सांगणार नसेन, तर माझी पदवीसुद्धा बरी प्रतच म्हणायची.

ता. क. २. तेव्हा कॅमेरा कुरिअरने मागवू नका, न्यायला स्वतः या. आल्यावर बाबांना सांगा की उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनाची तुम्हाला भयंकर भीती वाटते, सोबतीला या. मेहुण्याला धीर द्यायची संधी ते मेले तरी सोडणार नाहीत. डॉक्टरांना आधी सांगून ठेवू, दोघांनाही तपासतील. तुम्हाला घाबरल्याचं सोंग करावं लागेल, याचं मला वाईट वाटतं. (आई म्हणते, "सोंग कशाला? माझा भाऊच आहे तो.")

ता. क. ३. एवढ्यात बाबा आत आलेच. कागद उचलला, हात लांब करून वरपासून खालपर्यंत डोळे फिरवले, मान डोलावली आणि म्हणाले, "छान लिहिलंयस. मामाला माझंही कळव." (बारीक अक्षराचं कारण आता लक्षात आलं ना?) कॅमेऱ्याबद्दल तुमच्यासाठी त्यांनी खास एक शिक्का केला आहे, आणि मेहुण्याच्या वस्तूने मेहुण्याची भेट कशी तपासायची म्हणून तो कॅमेऱ्याशिवाय, नुसत्या डोळ्यांनी. 'आपला आभारी' असा. माझ्यासमोरच त्यांनी तो खाली जोरात मारला आणि फुंकर घालून वाळवला. मी पुसलेला नाही. लवकर या.

आपला आजारी