डाव्या हाताची निब

क्वीन्सटाउन, सिंगापूर
८ सप्टेंबर २००७

प्रिय बाबा,
सप्रेम जय भीम.

आम्ही दोघं मजेत. धम्मानंद प्रोजेक्टमध्ये बुडालेत आणि मी इथलं खाऊन सुटत चाललेय. तुमचं पत्र मिळालं. शेजारच्या श्रीनिवासकाकांचं अक्षर छान आहे, त्यांना सांगा.

आज एक गंमत झाली. इथल्या एका स्टेशनरीच्या दुकानात जपानहून पेन कंपनीचा कारागीर आला होता. मालकीणबाईही जपानी. त्या म्हणाल्या, आमच्याकडे ही रीतच आहे. कंपनी माणूस पाठवते, दुकान टेबल, दिवा आणि चहा देतं. गिऱ्हाइकानं समोर बसून लिहायचं, आणि कारागिरानं हाताची ठेवण बघून निब घासून द्यायची. वर्षभर कोण काय कुरकुरलं तेही दुकानदार कंपनीला कळवतात, मग पुढची पेनं तशी होतात. एकमेकांशी भांडायला त्यांना वेळच मिळत नसेल!

मी पेन घेतलं आणि डाव्या हातानं लिहायला बसले. मुद्दाम तिरकं, थरथरतं. कारागीरबुवा दोन ओळी बघून खो खो हसले. मालकीणबाईंनी सांगितलं, "ते म्हणतात, हा हात तुमचा नाही. ज्यांचा आहे, त्यांना घेऊन या."

"पकडली गेलीस ना!" धम्मानंद म्हणाले. भर दुकानात.

बाबा, पेन तुमच्यासाठी आहे. लकवा झाल्यापासून तुम्ही डाव्या हातानं लिहून बघता आणि फाडून टाकता, हे मला कळलंय. काकांनीच फोनवर सांगितलं, त्यांच्यावर चिडू नका. जन्मभर शाळेत पोरांचं अक्षर सुधारलंत, आता स्वतःचं कुणाला दाखवायची लाज वाटते, होय ना? पण हल्ली पत्र येतं आणि त्यात तुम्ही नसता. मला फार रडू येतं.

कारागीर मार्चमध्ये पुन्हा येणार आहेत. तोवर पेन दुकानातच ठेवलंय, तुमच्या नावाची चिठ्ठी लावून. विमानतळावर व्हीलचेअर मिळते, मी घ्यायला येईन. "लेकीकडे किती राहायचं" हे पालुपद आता पुरे.

आणि या पत्राचं उत्तर काकांकडून लिहवून घेऊ नका. त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा. तुम्हीच लिहा, डाव्या हातानं, घरात असेल त्या पेनानं. एकच शब्द लिहिलात तरी चालेल, पण फाडू नका.

तुमचं अक्षर गिरवून लिहायला शिकलेली,
दीक्षा