काजांचा विक्रम आणि घड्याळजींचं बटण

तीर्थस्वरूप वन्संना,

सुई बाजूला ठेवून, दोन्ही हात मोकळे करून नमस्कार. तुमची भूक-झोप नीट असेल, आणि सूनबाई तुमचं ऐकत असेल (किंवा ऐकल्यासारखं करत असेल, तेही काही थोडं नव्हे) असं धरून चालते. इकडे सगळे मजेत. पत्राला उशीर झाला, पण विक्रमाचा जो चौदा पानी अर्ज तुम्ही मला बसून भरून दिलात, त्याचा निकाल आल्याशिवाय लिहायचं तरी कोणत्या तोंडाने? निकाल आला. नापास. पण पास होऊन मिळालं असतं त्याहून जास्त मला नापास होऊन मिळालं, म्हणून हे आभाराचं पत्र आहे. सगळं सावकाश सांगते.

मास्तरांनी कोटांच्या दुकानात काजं करायचं यंत्र आणलं, तिथून हे सगळं सुरू झालं. मी दोऱ्याचं टोक ओलं करते तेवढ्यात ते यंत्र एक काज करून मोकळं होतं. "काकू, यंत्राला उजेड लागतो, तुमच्या खिडकीपाशी ठेवू म्हणतो. तुम्ही आता आराम करा," असं मास्तर फार गोड आवाजात म्हणाले. एकतीस वर्षं मी त्या खिडकीत बसले आहे. (काज मला कुणी शिकवलं नाही, जुने कोट उसवून उसवून शिकले, तेही तिथेच.) आराम म्हणजे घरी जा, एवढं कळायला चौथीपर्यंतचं शिक्षण पुरतं. तेवढ्यात तुम्ही कळवलंत की आठ तासांत हाताने शहाण्णव काजं करण्याचा जागतिक विक्रम कुणाच्यातरी नावावर आहे. ते ऐकून मास्तर खुर्चीवरून उठलेच. "जगातला पहिला नंबर माझ्या खिडकीत बसला, तर यंत्र मागच्या खोलीत नेतो. शब्द माझा!"

वन्सं, विक्रम करणं सोपं, तो केला हे पटवणं म्हणजे मुलीचं लग्न जमवण्याहून अवघड. काज किती लांब, त्याला टाके किती, तासाला विश्रांती किती (पाच मिनिटं, त्यातच पाणी, त्यातच बाकी सगळं), चित्रफीत एक क्षणही तुटता कामा नये, आणि दोन साक्षीदार असे हवेत की जे माझे नात्यातले नाहीत, दुकानाचे नाहीत आणि माझ्या उपकारात नाहीत. या वयात माझ्या ओळखीचा आणि माझ्या हातचं काही न घेतलेला माणूस शोधताना नाकी नऊ आले. शेवटी शाळेतल्या निवृत्त शिवणबाई मिळाल्या मोजायला, आणि कोपऱ्यावरचे घड्याळजी मिळाले वेळ धरायला. बक्षीस काय, असं मास्तरांनी विचारून घेतलं. एक कागद. चौकट आपली आपण करायची.

ठरल्या दिवशी सूनबाईने (माझ्या; तुमच्या नव्हे) मोबाइल तिकाटण्यावर बसवला आणि मी बसले. पहिले पाच तास हात असा चालला, की मला वाटलं हात माझा नाहीच. शिवणबाई काजं करून झालेली कापडाची पट्टी उचलायच्या, वहीत पट्टीमागे एक रेघ मारायच्या. घड्याळजी घड्याळावरून नजर हलवत नव्हते, श्वासही मोजून घेत असावेत. आणि सहाव्या तासाला त्यांनी हात वर केला, तर बाहीचं बटण एका धाग्यावर लोंबतंय! मी मान फिरवली. पुन्हा बघितलं. ते आपलं लोंबतंय. समोर एवढा सज्जन माणूस आणि त्याच्या बाहीची ही दशा! मला पुढचं काज दिसेना, सगळीकडे ते बटणच दिसायला लागलं. शेवटी म्हटलं, "हात करा इकडे."

"काकू, वेळ चाललाय!"

"चालू द्या. हात करा."

चार मिनिटं गेली. चार भोकांतून दोरा घालून, बटणाखाली दोऱ्याचे वेढे देऊन, गाठ मारून बटण पक्कं बसवलं, मग कुठे जिवाला थारा मिळाला. आठ तास संपले तेव्हा शिवणबाईंनी वही बघितली आणि सांगितलं, "सतरा पट्ट्या. सहा-सहाप्रमाणे एकशे दोन!" मास्तर रडले, हो. मीही रडले, पण माझे डोळे तसेही पाणावलेलेच होते.

बारा आठवड्यांनी विक्रमांच्या कार्यालयातल्या बाईंचं पत्र आलं. किती गोड भाषा! त्यांना माझे टाके फार आवडले. मात्र प्रयत्न चालू असताना साक्षीदाराने प्रयत्न करणाऱ्याकडून सेवा स्वीकारल्याचं चित्रफितीत स्पष्ट दिसत असल्यामुळे साक्ष बाद, आणि साक्ष बाद म्हणून पुढची तपासणी न करता अर्ज बाद.

मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घड्याळजींची अवस्था तर बघवेना. खून केल्यासारखे फिरत होते. प्रायश्चित्त म्हणून ते घरातले पाच कोट घेऊन आले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बाही दाखवून सांगू लागले, "जगाचा विक्रम सोडला, पण माझं बटण सोडलं नाही हो या बाईने!" झालं! लोक कोट घेऊन यायला लागले, आणि यंत्राची काजं नकोत, काकूंच्या हातची हवीत म्हणायला लागले. एक बाई तर नवऱ्यालाच कोटासकट घेऊन आली. गेल्या सोमवारी यंत्र मागच्या खोलीत गेलं. मी खिडकीतच आहे. तुमचे, घड्याळजींचे आणि त्या कार्यालयातल्या बाईंचे उपकार मी कसे फेडू? तुम्ही अर्ज भरला नसता तर आज मी घरी बसून भिंतीला टाके घालत असते.

सर्वांना आशीर्वाद.

तुमची धाकटी भावजय

ता.क. एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगते. सूनबाईने परवा चित्रफीत पुन्हा बघितली. शर्टाच्या पट्टीला सहा काजं असतात, कोटाच्या पट्टीला पाच. शिवणबाईंनी शाळेत जन्मभर शर्ट शिकवले, म्हणून त्यांनी सहाने गुणलं. माझा हात एकतीस वर्षं कोटांवर, तो आठ पट्ट्यांवर पाचालाच थांबला. म्हणजे झाली चौऱ्याण्णव. बटणाला चार मिनिटं गेली नसती तरी मी हरलेच असते. कार्यालय मोजणीपर्यंत पोचलं नाही, हे केवढं नशीब!

ता.क. २. मास्तरांना मात्र हुरूप आला आहे. नवे साक्षीदार मिळवलेत, सगळ्यांच्या बटणांची आधीच तपासणी केली आहे, आणि पुढच्या महिन्याची दहा तारीख ठरवली आहे. या वेळी मोजायला बँकेतला माणूस येणार आहे.

ता.क. ३. तरी वन्सं, माझी एवढीच विनंती, की आठ तारखेच्या सुमारास तुम्ही जरा आजारी पडावं. फार नको, भावजयीला शुश्रूषेसाठी बोलावून घेण्याइतपतच, आणि तसं पत्र मास्तरांच्या पत्त्यावर टाकावं. तुम्ही बऱ्या व्हायला किती दिवस घ्याल ते तेवढं मला आधी कळवा, म्हणजे त्या हिशेबाने साड्या भरते.