सिद्धूच्या ताटातलं उष्टं

३ नोव्हेंबर २०२४
पालमहून सकाळच्या एसटीनं निघाले, परभणीला गाडी बदलली, दुपारी जिंतूर. भक्ती मॅडमचा व्यसनमुक्तीचा दवाखाना गावाबाहेर, कपाशीच्या रानाला लागून. अकरा खाटा, स्वैपाकघर ऐसपैस. जीव हरखला. मॅडम पन्नाशीच्या, बावीस वर्षं हेच काम करायल्यात. माझा लेक सिद्धोधन कालच भरती झाला. मी स्वैपाक करायचा नि त्याच्याजवळ राहायचं, असं ठरलं. दारूपायी त्याची मास्तरकी जायची वेळ आली. लिव्हर सुजलंय. आणखी एकदा प्याला तर वाचणार नाही, असं मॅडमनी तोंडावर सांगितलं. त्याच्याच जुन्या पुस्तकांवरून मी लिहायला शिकले, म्हणून ही वही. मनाला म्हणलं, सरजाबाई, आता कंबर बांध.

५ नोव्हेंबर
मॅडम लय मायेच्या. शेजारच्या खाटेवरचे पेशंट माणिकराव, हात थरथरतात, त्यांना स्वतः घास भरवला. औषध, सुई, समजूत, सगळं वेळेवर. तोंडावरचा मास्क मात्र कधी काढत नाहीत, जेवतात तेही दार लावून. नियम एकच, पण विचित्र: पेशंटचं उष्टं मागच्या खड्ड्यात टाकून वर चुना ओतायचा. कुत्र्यालाही द्यायचं नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, व्यसन सुटताना उष्ट्यात उतरतं. एवढी शिकलेली बाई अन् असं बोलती, मला हसूच आलं. आमच्या घरात असलं काही मानत नाहीत.

८ नोव्हेंबर
सिद्धूनं दोन घास खाऊन ताट सारलं. अर्धी भाकर, वांग्याची भाजी तशीच. लहानपणापासून त्याचं उष्टं मीच खात आले. लेकराच्या ताटातलं चुन्यात घालायला हात होईना. खाल्लं.

११ नोव्हेंबर
सिद्धू उठून बसला. थरथर गेली. इतक्या लवकर कुणी बरं झालं नव्हतं म्हणे, मॅडम चकित. मी रोज त्याचं ताट पुसून खायलेय. आज त्याच्या डोक्याला तेल लावलं, तो लेकरासारखा हसला. मला तहान लय लागायली. माठ संपतो, घसा कोरडाच.

१४ नोव्हेंबर
सकाळी पंचशील म्हणायला बसले. चार शीलं झाली. पाचव्याला, दारू न पिण्याच्या शीलाला, जीभ अडली. तीनदा अडली.
माणिकरावांच्याही ताटातलं उष्टं खाल्लं. का ते कळत नाही —

१६ नोव्हेंबर
खड्ड्यातलं उष्टं उकरून खाताना मॅडमना सापडले. तोंडाला चुना, बोटं सोललेली. रागावल्या नाहीत. मास्क काढला. त्यांचेही ओठ तसेच, चुन्यानं जळालेले. शिकत असताना वडिलांचं उष्टं खाल्लं होतं म्हणाल्या. वडील सुधारले, ही भूक त्यांच्या वाट्याला आली. "मावशी, बावीस वर्षं मी यावरच औषध शोधतेय. सापडलं नाही."
सुटका एकच — आपलं उष्टं दुसऱ्यानं खाल्लं की हे व्यसन त्याच्याकडं जातं. म्हणून त्या एकट्या जेवतात.

१८ नोव्हेंबर
मॅडमना बाहेरनं कडी लावायला सांगून खोलीत कोंडून घेतलं. सिद्धूला येऊ देऊ नका म्हणून सांगितलं. उद्या त्याला दवाखान्यातून सुट्टी. शाळेत जाईल, जगेल. एवढं झालं की मी मेले तरी — घास उतरत नाही. आवाज बसला.

१९
सिद्धू आला. कडी काढून. गोरा, भरलेला. माझ्यापाशी बसला, ताट बघितलं. "आई, माझ्यापायी ही दशा झाली तुझी. तू खाईनास तर मीच खातो बघ, तुझ्याच ताटातलं."
आवाज निघंना — लिहून दाखवते — सिद्धू खाऊ नको — बघत नाही — भाकर मोडली — हात धरायचा त्याचा — माझा हात उठंना — उठवंना — मीच उठवंना —
एक घास —
घसा ओला झाला. किती दिवसांनी —
अजून घे बाळा, ताट मीच पुढं सरकवते —