झडप विरुद्ध उदर

सोमवार, ३ जून

अखंडभोजनतृप्त, उदरमंडलाधिपती, सोपानद्वेष्टे, आरामखुर्चीभूषण, ऊर्ध्वाधोगामियंत्रपरीक्षक — म्हणजे लिफ्टचे सरकारी तपासनीस — अस्मादिक यांनी आज सायंकाळी जिम नामक यातनागृहात सपादत्राण प्रवेश केला. स्वागतास तुतारी नव्हती. "काका, बाहेरचे बूट इथे चालत नाहीत," एवढेच मंगलवचन कानी पडले.

काका! म्हणणारी आमची प्रशिक्षिका. वयाने आमच्या विवाहाहून कनिष्ठ. तिने विचारले, "ध्येय काय ठेवायचं?" मी उत्तरलो, "छिद्रातून पार होणे." तिने 'वजन कमी करणे' असे टिपून घेतले. अरसिक!

कारण एकदाच नोंदवतो. गेल्या आठवड्यात लिफ्टच्या डब्याच्या छतावरील झडपेतून वर जाताना मी अर्धाच गेलो. मस्तक वरच्या अंधारात, पाय डब्यात, मध्ये सार्वभौम उदर. माझा सहकारी — आम्ही त्याला काडीपहिलवान म्हणतो — याने पाय धरून खाली ओढले, आणि सायंकाळपर्यंत सर्व कचेरीस कथा सांगितली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना बोलावले. "ऑगस्टच्या शेवटी माझ्यासमोर त्याच झडपेतून वर जाऊन दाखवा. नाही जमलं तर टेबल घ्या. तुमच्या जागी याला पाठवू." फार सौजन्याने म्हणाले. म्हणूनच अधिक लागले.

टेबल! इतरांनी तपासलेल्या दोरांवर शिक्के मारायचे! डब्याच्या छतावर उभे राहावे, वर काळोख, खाली काळोख, तेलाचा वास, आणि तळहातास दोर सांगतो आहे की मी बरा आहे किंवा नाही — हे सोडून टेबल? कदापि नाही.

मंगळवार, ४ जून

हात खांद्याच्या वर जात नाही. खालीही येत नाही. लेखणी धरवत नाही. तरीही लिहितो — निषेध म्हणून.

गुरुवार, ६ जून

यातनागृहाच्या एका भिंतीस संपूर्ण आरसा आहे. जिकडे पाहावे तिकडे मीच. एवढा मी कोणी मागवला होता?

ट्रेडमिल या यंत्रावर घाम गाळूनही मनुष्य जागचा हलत नाही. कचेरीत हेच कार्य मी घामाविना करीत आलो आहे.

घरी आल्यावर सौ. म्हणाली, "उद्या जाणार आहात ना?"

"जाणार! देह पडला तरी जाणार!"

"नाही, विचारलं आपलं. तेवढा वेळ सोफा मोकळा मिळतो."

रविवार, ९ जून

झडपेच्या अचूक मापाची लाकडी चौकट सिद्ध करून स्वयंपाकघराच्या दारात टांगली. पट्ट्यांना भोके पाडण्यास टोचा हवा होता. तो समोरच्या बिऱ्हाडातील गृहस्थांनी कधीचा नेला आहे, आणि तेव्हापासून मला पाहिले की दार लावून घेतात. "मागून आणा की," सौ. म्हणाली. याचना आमच्या प्रकृतीत नाही. खिळ्याने भागवले.

"हे काय आणि?"

"प्रतिकृती."

"मग मी आत जायचं कसं?"

"प्रतिकृतीतून."

ती गेली. हातात दुधाचे पातेले होते. थेंब सांडला नाही. तशीच परत आली, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली — "या आता तुम्ही."

मी गेलो. अर्धाच. चौकटीसह दिवाणखान्यात फिरलो. ती भिंतीचा आधार घेऊन हसत होती. बोलवत नव्हते तिला. हसू दे. इतिहास अखेरीस विजेते लिहितात.

शनिवार, १५ जून

एक प्रमाद घडला.

यातनागृहात वजन खाली ओढण्याचे एक यंत्र आहे. दोर, चाक, पलीकडे लोखंडी भार. म्हणजे लिफ्टच की, फक्त प्रवाशाविना! गेल्या मंगळवारी त्यावर बसण्यापूर्वी सवयीने दोरावरून हात फिरवला. कातडे तडकलेले. खिशात कचेरीची लाल पट्टी असतेच — 'वापरास अयोग्य. आदेशावरून बंद.' बांधली, आणि निश्चिंत मनाने घरी गेलो.

आज पाहतो तर ती तिथेच! दंडावर बेडक्या उठलेले दांडगे नर त्या यंत्रापुढे येत, लाल पट्टी वाचत, आणि आज्ञाधारकपणे दुसरीकडे जात. सरकारचा एवढा धाक मी प्रथमच पाहिला.

"हे कुणी लावलंय?" प्रशिक्षिका ओरडली. "चार दिवस मी मालकाला फोन करतेय, तो म्हणतो मला काही माहीत नाही!"

मी पुढे झालो. आरोग्यास अपायकारक दोराविषयी दोन शब्द बोललो.

"काका, ते वरचं प्लास्टिक आहे हो! आतली तार नवी कोरी आहे." तिने तडा फाकवून दाखवला. तार चकाकत होती.

आमच्या व्यवसायात दोरास वस्त्र नसते. मला काय ठाऊक?

पट्टी मी स्वहस्ते सोडली. दांडग्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रशिक्षिका म्हणाली, "आता रोज पहिल्यांदा याच मशीनवर बसायचं. मी सांगेपर्यंत उठायचं नाही." ती फार उशिरा सांगते.

बुधवार, २६ जून

वजन पूर्ववत. काटा सदोष असणार. लाल पट्टी घरी ठेवून गेलो होतो, हे काट्याचे भाग्य.

गुरुवार, ४ जुलै

गेल्या आठवड्यात काडीपहिलवान जिन्यात आडवा आला. वाटले, नवा विनोद रचून आणला असेल. मी म्हणालो, "बोल, आज माझा कोणता अवयव?"

तो हसला नाही. इकडे तिकडे पाहून म्हणाला, "दादा, जिम चालू आहे ना?"

"का? पेढे वाटायची घाई झाली आहे?"

"दादा, मला वर भीती वाटते."

मी थांबलो.

"झडपेतून डोकं काढलं की पाय कापायला लागतात. तुम्ही होता म्हणून आजवर निभावलं. तुम्ही वर जायचात, मी खालून आकडे लिहायचो. तुम्ही टेबलावर गेलात तर मी मेलो. घरी सांगता येत नाही, साहेबांना सांगता येत नाही."

"मग सगळ्या कचेरीत माझ्या पोटाच्या कथा कशाला पसरवल्यास?"

"सगळे तुमच्यावर हसत होते, दादा. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं."

त्याला एक सणसणीत संस्कृत शिवी द्यावी असे मनात होते. आठवली नाही. "वजन अजून तेवढंच आहे रे," एवढेच मी म्हणालो. तो म्हणाला, "अहो, मग दुपारचा तो दुसरा डबा तरी मला देत जा!" तेव्हापासून देतो आहे. काडी तशीच काडी. अन्यायाची परिसीमा!

रविवार, ४ ऑगस्ट

उदर चौकटीतून पार! लाकूड घासले, पण पार! आणि तत्क्षणी खांदे अडकले. त्या शिक्षेच्या यंत्राने खांदे रुंद केले आहेत. सूड!

प्रशिक्षिकेस फोन केला. ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "काका, सरळ कशाला जाता? एक हात वर, एक खांदा आधी. तिरके व्हा." तिरके झालो. गेलो. सौ. पलीकडे उभी होती. तिने माझ्या केसांतली धूळ झटकली.

मग म्हणाली, "पट्ट्याला नवं भोक पाडा हो. पॅन्ट घसरतेय."

"निकालापूर्वी विजयचिन्ह नाही."

"भोक आहे ते, विजयचिन्ह कसलं?"

तिला सांगितले नाही. हरलो, तर टेबलापाशी बसलेल्या मला ते भोक रोज दिसेल. शिवाय टोचा समोरच्यांकडे आहे.

गुरुवार, २९ ऑगस्ट

उद्या. भीती वाटते. यास भारदस्त शब्द शोधले. एकही पुरला नाही.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

गेलो!

शिडी, एक हात, एक खांदा, मग तो इतिहासप्रसिद्ध प्रदेश — कोठेही न घासता. पॅन्ट मात्र झडपेच्या कडीस अडकली, आणि डाव्या बुटास घेऊन डब्यातच राहिली.

खालून साहेब: "पोचलात का?"

"पोचलो."

"पूर्ण?"

"मी पूर्ण. वस्त्रे अंशतः."

काडीपहिलवानास म्हणालो, पॅन्ट वर दे. त्याने डोळे घट्ट मिटून हात उंचावला. झडपेच्या वर बोटही येईना. शेवटी म्हणालो, राहू दे. आमच्या व्यवसायात दोरास वस्त्र नसते. आज तपासनीसासही नव्हते. तळहात टेकवला. सर्व दोर तपासले — सावकाश, एकेक, चड्डीवर. खालून साहेब म्हणाले, "टेबल राहू द्या. आणि तुम्ही दोघं जोडीनेच जात जा." काडीपहिलवानाकडे पाहत म्हणाले. त्यांना ठाऊक होते तर!

घरी येताच पट्ट्याला भोक पाडायला बसलो. टोचा नाही. प्रकृती बाजूस ठेवून समोरच्यांची घंटा वाजवली. आत दिवा आहे. पंखा चालू आहे. खोकलाही ऐकू येतो. दार काही उघडत नाहीत!