सद्गुणांचं सर्व्हिस कार्ड

१ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून आयुष्य अर्थपूर्ण करायचं. चार गुण निवडले: संयम, नम्रता, कृतज्ञता, ऐकून घेणे. जास्त घेतले की एकही धड होत नाही. लिफ्टच्या मशीनरूममध्ये आम्ही लावतो तसं सर्व्हिस कार्ड करून स्वयंपाकघराच्या दारामागे लावलं. बायकोने विचारलं, हे कोणासाठी? म्हटलं, आपल्या दोघांसाठी. ती चहा गाळत राहिली.

३ मार्च
कार्डावर महिनाभराच्या सह्या एकदमच करून टाकल्या. तेवीस वर्षं लिफ्टची कार्डं अशीच भरतोय. दोन-तीन पेनं आलटून पालटून वापरायची, म्हणजे संशय येत नाही. आजवर एकाही लिफ्टने तक्रार केलेली नाही. माणसांनी केली, ती गोष्ट वेगळी.

५ मार्च
लिफ्ट अडकली. आत एक रिटायर्ड मुख्याध्यापिका. बाहेरून त्यांना संयमाबद्दल चार शब्द सांगितले. चाळीस मिनिटं लागली. बाहेर आल्यावर त्यांनी माझी बिनपाण्याने केली. मान खाली घालून उभा राहिलो. एकाच कॉलमध्ये दोन गुण उरकले.

११ मार्च, संध्याकाळी ७.३०
बायकोने टीव्ही बंद केला आणि समोर येऊन बसली. तासभर बोलली. मी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. घड्याळाकडे फक्त दोनदा पाहिलं. ती थांबल्यावर 'बरं' म्हटलं. संयमाला दहापैकी दहा. विषय नीटसा लक्षात नाही. बहुतेक बाथरूमचा नळ.

१२ मार्च
प्लंबरला बोलावलं. तो म्हणाला, नळाला काही झालेलं नाही. तरी वायसर बदलून घेतला. बायकोला सांगितलं, तुझं काम केलं बरं का. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कृतज्ञता असावी.

१६ मार्च
बायको लेकीकडे गेली. दोन बॅगा आणि शिलाई मशीन. मशीन टॅक्सीवाल्याने उचललं, माझी कंबर धरलीय. चार दिवसांसाठी मशीन कशाला, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. नम्रता.

२१ मार्च
घर शांत. वाईट वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटत नाही. सकाळी दोन कप चहा केला, दोन्ही मीच प्यायलो.

२४ मार्च
लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, आई आता इथेच राहणार. तिने अकरा तारखेला तुम्हाला सगळं सांगितलं, तुम्ही 'बरं' म्हणालात. ही वही काढून पाहिली. म्हटलंय खरं. लेकीने विचारलं, 'थांब' का नाही म्हणालात? सांगितलं, मध्ये बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तिने फोन ठेवला.

२६ मार्च, दुपारी
बायकोला फोन केला. कबूल करून टाकलं की त्या दिवशीचं काहीही आठवत नाही. म्हटलं, आता सांग, वही-पेन घेऊन बसलोय, एक शब्द सोडणार नाही. ती रागावली नव्हती. म्हणाली, एकदा सांगून झालंय, पुन्हा सांगायचा कंटाळा येतो हो. जेवलात का, असं मात्र विचारलं. मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

फोन लावण्याआधी या पानावर तारीख तेवढी घातली होती. खालचं ती सांगणार होती.