छातीपर्यंतची माणसं

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

सकाळी सहाच्या बसने तेल्हाऱ्याहून निघालो. अकोटला आणि परतवाड्याला गाडी बदलली. परतवाड्याला कचोरी खाल्ली. घाट चढताना ढग बसच्या खाली राहिले. दुपारी दोनला चिखलदऱ्याच्या पुढच्या या गावात उतरलो. हवा थंड, ऊन स्वच्छ. बरं वाटलं. वर्षभरात आज पहिल्यांदा पोटभर जेवलो.

खोली नत्थुजी आणि गोदाबाई यांच्या मळ्यात आहे. दोघं साठीच्या पुढची. कोबी, वांगी, थोडी स्ट्रॉबेरी लावतात. मुलं अमरावतीला असतात. माझी कॅमेऱ्याची बॅग आणि तिपाई पाहून नत्थुजींनी विचारलं, लग्न कोणाचं आहे. डोंगराचे फोटो काढायला आलो म्हटल्यावर ते आत ओरडून म्हणाले, "ऐकलं काय व? भाऊ डोंगराचे फोटो काढाले आले. तेल्हाऱ्यातून डोंगर दिसत नाही काय यायले?" गोदाबाई आतून म्हणाल्या, "दिसत असन. त्यायले जेवू तर द्या आधी."

दिसतो, हे खरं आहे. आमच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुडा निळ्या रेघेसारखा दिसतो.

कशासाठी आलो ते लिहून ठेवतो. माझा तेल्हाऱ्यात फोटो स्टुडिओ आहे. आमच्याकडे माणूस गेलं की तेरवीच्या आत भिंतीवर लावायला फोटो लागतो. घरच्यांजवळ धड फोटो नसतो. लग्नाच्या गर्दीतला आणतात, नाही तर आधार कार्डावरचा. त्यातून माणूस छातीपर्यंत कापून घ्यायचा आणि मागे देखावा लावायचा. कापायचं काम माझी बायको हर्षा करायची. तिचा हात स्थिर होता. देखाव्याचा फोटो मी चौदा वर्षांपूर्वी इथेच काढला होता. समोर गवताचं पठार, मग कडा, कड्यामागे डोंगरांच्या रांगा. कापसाच्या सपाट मुलखातल्या लोकांना तो फार आवडला. "डोंगरच लावा," म्हणायचे. तालुक्यातली दोन-अडीचशे माणसं त्या एकाच डोंगरावर आहेत.

हर्षाला जाऊन येत्या पंचवीस तारखेला वर्ष होईल. तिचा फोटो मी अजून केलेला नाही. तेरवीला पाटावर नुसता दिवा होता. तिची धाकटी बहीण रागिणी अकोल्याहून दर फोनला विचारते. वर्षीला नक्की लावतो, असं सांगितलं आहे. सगळ्यांचा डोंगर तिच्यामागे लावायचा नाही. तिच्यासाठी नवा काढणार आहे.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

साडेपाचला निघालो. जुन्या जागेपर्यंत पाऊण तास चालावं लागतं. आधी तीच जागा पाहावी म्हटलं. दरी धुक्याने काठोकाठ भरली होती आणि तीन डोंगरांचे माथे तेवढे वर होते. सूर्य आला तसा कडा डावीकडून तांबडा होत गेला. गवत पिवळं पडलं आहे. चाळीसेक फोटो काढले. आवाज फक्त वाऱ्याचा. दुसरं कोणी नव्हतं.

जेवायला पिठलं-भाकर आणि मिरचीचा ठेचा. जेवून फोटो लॅपटॉपवर घेतले. चांगले आले आहेत. एका फोटोत पठाराच्या टोकाशी एक माणूस उभा आहे. पांढरी टोपी, गवतातून छातीपर्यंत दिसतो. गुराखी असावा. तिथे असताना मला दिसला नव्हता.

बुधवार, १३ नोव्हेंबर

नत्थुजींना गुराख्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, तिकडे कोणी ढोरं नेत नाही, पाणी नाही. "थ्या टोकावर वाघ बी जात नाही भाऊ. तुमीच एकटे शाने."

आज दुसऱ्या बाजूच्या दरीकडे जायचं ठरवलं होतं, पण पाय जुन्या जागेकडेच वळले. प्रकाश कालच्यासारखाच. कोणी दिसलं नाही. लॅपटॉपवर पाहिलं तर प्रत्येक फोटोत माणसं आहेत. मोजली, अकरा. गवतात छातीपर्यंत उभी. सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे.

ऊन डावीकडून होतं. त्यांच्या चेहऱ्यांवर मात्र उजेड समोरून पडला आहे, फ्लॅश मारल्यासारखा.

कार्ड बदलून पाहीन.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

नवं कार्ड. मोठी लेन्स लावली. डोळ्याला रिकामं पठार, फोटोत तीस-चाळीस जण. आज चेहरे ओळखता आले.

टोपीवाले देवराव आहेत. पाच वर्षांपूर्वी वारले. त्यांचा फोटो पुतण्याच्या लग्नातला होता. शेजाऱ्याने खांद्यावर हात ठेवलेला. हर्षाने हात कापून काढला, पण चार बोटं शर्टावरून निघाली नाहीत, आणि घरचे म्हणाले चालते. कड्यावरच्या देवरावांच्या खांद्यावर ती चार बोटं आहेत. मागे हात नाही.

त्यांच्या बाजूला पार्बताबाई. त्यांचा आधार कार्डावरचा फोटो मोठा केला होता, तो पुसट आला. इथे त्यांच्या भोवतीची गवताची पाती एकेक मोजता येतात. फक्त पार्बताबाई पुसट.

दुपारी उन्हात पठारावर चालत गेलो, ते उभे होते तिथपर्यंत.

गवत माझ्या घोट्याएवढं आहे.

शनिवार, १६ नोव्हेंबर

काल खोलीतच होतो. गोदाबाईंना वाटलं ताप आहे. काढा घेऊन आल्या आणि लॅपटॉप उघडा होता. मी झाकायच्या आत त्यांनी पाहिलं. ओरडल्या नाहीत. जवळ बसून एकेक चेहरा पाहत गेल्या. मग एका जागी बोट ठेवून म्हणाल्या, "हे माय माही."

त्यांचं माहेर तेल्हाऱ्याजवळ आहे, हे मला माहीत नव्हतं. मला त्यांच्या देवघराच्या खोलीत नेलं. भिंतीवर त्यांच्या आईचा, चतुराबाईंचा फोटो, मागे माझा डोंगर, खाली माझ्या स्टुडिओचं नाव. गोदाबाईंनी मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाल्या, "तिचे गुडघे लय दुखत होते भाऊ. घडीघडी बसाव लागे तिले. आता कशी बसन? तुमी तं पायच नाही देले."

मग त्या म्हणाल्या, "काढा तिले तिथून."

दुकानाच्या सगळ्या फाइली लॅपटॉपमध्ये आहेत. चतुराबाईंच्या मागचा डोंगर काढला, साधा निळा पडदा लावला. नत्थुजी उद्या कोबी घेऊन अचलपूरच्या बाजारात जातील, तिथून प्रिंट आणतील.

सोमवार, १८ नोव्हेंबर

काल संध्याकाळी नवा फोटो भिंतीवर लागला. जुना गोदाबाईंनी चुलीत घातला. आज सकाळी गेलो. साठ फोटो काढले, सगळे तपासले. चतुराबाई कुठेच नाहीत. बाकीचे आहेत, गुरुवारपेक्षा जवळ.

म्हणजे सोडवता येतं. वर्षी झाली की घरोघर जाईन. प्रत्येकाचा फोटो बदलून देईन.

हर्षासाठी दुसरा डोंगरही नको. साधा पडदा.

बुधवार, २० नोव्हेंबर

मळ्यात पाण्याच्या टाकीवर चढलं तर फोन लागतो. रागिणीचा मेसेज आला होता. भाऊजी, तुमची वाट पाहून थकले, दुकानातून श्यामकडून ताईचा फोटो करून घेतला, घरी लावला, राग मानू नका. श्याम माझा पुतण्या, सध्या दुकान तोच पाहतो. खाली फोटो होता.

श्यामने नेहमीचाच देखावा लावला आहे. त्याला काय माहीत.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आहे.

शेवटच्या रांगेत, अगदी कड्याला लागून. हसते आहे. ते हसू रागिणीच्या लग्नातलं आहे, इथलं नाही. हर्षाला उंचीची भीती. गच्चीवर वड्या घालतानाही कठड्यापासून लांब बसायची. तिच्या मागे सरळ हजार फूट खोल आहे आणि ती हसते आहे—

टाकीवर चढून श्यामला लिहिलं. रागिणीमावशीच्या घरचा फोटो परत आण, मागचा डोंगर काढ, साधा पडदा लाव.

रेंज होती. पाठवलं नाही.

वर्षभरात ती मला स्वप्नातही दिसली नव्हती. एक दिवस. उद्या पाठवीन.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच. बाकीचे जवळ येतात. देवराव दहा पावलांवर. ती येत नाही, आहे तिथेच आहे. लेन्स पूर्ण ओढली तर कानातली फुलं दिसतात. मीच घेतलेली.

हाक मारली नाही. इतक्या लोकांदेखत—

मेसेज तसाच आहे.

शनिवार, २३ नोव्हेंबर

गोदाबाईंनी विचारलं, तिथं तुमचं कोण हाये. कोणी नाही म्हणालो. "मंग काहून जाता रोज?" ताट तसंच उचलून नेलं त्यांनी.

रागिणीचे चार फोन. घेतले नाहीत. काय सांगू, तुझी ताई तिथे उभी आहे आणि मी—

आज कॅमेरा बाहेर काढायच्या आधीच दिसले. नुसत्या डोळ्यांनी. सगळे. खाली काही नाही, छातीपासून खाली नुसतं ऊन. वारा जोराचा होता. हर्षाचा एक केस हलत नव्हता.

हसतच होती. डोळे मात्र— श्यामने डोळ्यांना हात लावला नसणार. ते तिचेच. घाबरलेले.

एक शब्द पाठवला तर सुटेल.

रविवार, २४ नोव्हेंबर

उद्या वर्षी. नऊची बस आहे. नत्थुजी म्हणाले, गाडीवर सोडून देतो. उद्या जाईन म्हटलं. उद्या उशीर होईल म्हणाले. हो म्हटलं.

मेसेज खोडला.

काल पठारावरून निघताना त्या माणसांनी मधून जागा केली होती. दोन्हीकडे सरकले. देवरावसुद्धा. थेट तिच्यापर्यंत, एक माणूस जाईल एवढी—

गोदाबाई वांगी तोडायला गेल्या आहेत. घरात कोणी नाही. गार पाण्याने आंघोळ केली. भांग पाडला. धुतलेला एकच शर्ट राहिला होता, तो घातला. एका हाताने गुंड्या लावतो आहे. वरची लागत नाही, थंडीने बोटं वळत नाहीत. राहू दे, कॅमेरा इथेच ठेवून तिच्याकडे जातो.