न काढलेली दोन प्रकरणं

बाई, परवा मला फीत कापायला बोलावलं होतं. जळगावच्या आपल्याच कॉलेजात. जुन्या प्रयोगशाळेच्या मागे बोरीची झाडं होती ना, तिथे आता दुमजली इमारत झाली आहे आणि तिच्या दारावर 'बहुविद्याशाखीय संशोधन आणि नवोपक्रम केंद्र' अशी पाटी आहे. पाटी वाचून होईपर्यंत कात्रीचं ताट समोर आलं. मी इथेच शिकले, इथेच शिकवलं, निवृत्त झाले आणि अजून स्वतःच्या पायांनी येऊ शकते, म्हणून माझी आठवण झाली असणार. मग भाषणं झाली. प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या विभागाने काय काय केलं ते सांगितलं आणि सांगून झालं की तो उठून गेला. शेवटचे गृहस्थ बोलायला उभे राहिले तेव्हा पुढच्या रांगेत मी एकटीच उरले होते. मला दोन शब्द बोला म्हणाले. तुमच्याबद्दल बोलायचं मनात होतं. पण उकडत होतं, गुडघे ठणकत होते, आणि सुरुवात कुठून करायची तेच सुचेना. शुभेच्छा देऊन खाली बसले. तेव्हापासून तुमच्याशी मनातल्या मनात बोलणं चालू आहे. ते थांबत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

तुम्ही आलात तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो आणि सायन्सच्या वर्गातल्या सगळ्या मुली मिळून एका बाकावर मावायच्या. तुम्ही नागपूरकडून आलेल्या, वनस्पतिशास्त्र शिकवायला, तेही हंगामी जागेवर. पहिल्याच तासाला तुम्ही केळीच्या घडाचा कुजलेला दांडा कागदात गुंडाळून आणलात आणि टेबलावर उघडून ठेवलात. सगळ्यांनी नाकं धरली. 'रावेर-सावद्याकडचं कोण आहे?' तुम्ही विचारलंत. मी हात वर केला. 'घरी केळी आहे?' मी हो म्हटलं. 'मग नाक सोड. हा वास तुझ्या घरचाच आहे.' वर्ग हसला. मला रडू आलं, आणि दोनच दिवसांनी मी तुमच्या खोलीच्या दाराशी उभी होते, काही काम असेल तर सांगा म्हणून.

वास घरचा होता हे खरंच. आमच्याकडची केळी हिरवी कापायची, घड वॅगनमध्ये भरायचे आणि उत्तरेला रवाना करायचे. थंडीत माल ठीक पोचे. उन्हाळ्यात तिकडून कळे की दांडे काळे पडले, घड मऊ झाले, निम्मा माल टाकून दिला. ती बातमी आली की माझे वडील, आबा, कुणाशी बोलत नसत. खळ्यात बाज टाकून नुसते पडून राहत. तुम्ही याच कुजण्यावर प्रबंध लिहायला घेतला होता. दांड्यावर बुरशी येते, ती कोणती, कशी वाढते, तिला मारायचं कसं. विषय सरळ होता, विद्यापीठाने मान्यही केला होता. मग एके दिवशी तुम्ही बागेतून ताजे, निरोगी घड आणवलेत, आणि त्यांच्या दांड्यावरही तीच बुरशी निघाली. सूक्ष्मदर्शकावरून डोकं उचलून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. 'अगं, ही तर सगळीकडेच आहे. मग सगळीकडे का कुजत नाही?'

मी वहीत लिहून टाकलं होतं की हा प्रश्न आपल्या विषयाबाहेरचा आहे. ते वाचून तुम्ही मला जे बोललात ते मी आयुष्यभर विसरले नाही. आवाज चढवला नाहीत. 'तू त्या दांड्याला विचारलंस का, बाबा रे, तू कुठल्या विभागात कुजतोस म्हणून?' एवढंच. मग पदर खोचलात आणि व्हरांडा ओलांडून पदार्थविज्ञानाच्या सरांकडे गेलात. ते तुमच्याहून वयाने मोठे, तपकीर ओढणारे, सदा वैतागलेले. त्यांनी आधी 'मला बारा भानगडी आहेत बाई' म्हणून टाळलं, आणि संध्याकाळी स्वतःच थर्मामीटर घेऊन आले. प्राचार्यांच्या कानावर गेलंच. त्यांनी तुम्हाला बोलावून विचारलं, 'वनस्पतिशास्त्र आता थर्मामीटरशिवाय होत नाही का?' तुम्ही म्हणालात, 'केळीचं होत नाही सर.' हंगामी माणसाने एवढं बोलणं किती महाग पडतं, ते तेव्हा मला कळत नव्हतं.

सरांनी शोधून काढलं की कापलेला घडही श्वास घेत असतो आणि त्यातून ऊब निघते. वॅगनमध्ये घड छतापर्यंत ठासून भरले, फटींत वाळका पाला कोंबला, की आतली ऊब बाहेर पडत नाही, आणि मग ती एरवी गप्प बसलेली बुरशी झपाट्याने पसरते. 'वारा खेळायला मधून जागा सोडा, झालं,' सर म्हणाले. तेव्हा तुम्ही अर्थशास्त्राच्या सरांना गाठलंत. ते तरुण, नुकतं लग्न झालेले, कवितेचा नाद असलेले. लोक जागा का सोडत नाहीत, हा तुमचा प्रश्न होता. ते स्टेशनांवर जाऊन आले, अडत्यांशी, भरणाऱ्या मजुरांशी, शेतकऱ्यांशी बोलले. भाडं अख्ख्या वॅगनचं पडतं, रिकामी जागाही विकतच घेतलेली असते, मग ती कोण सोडील? तुमच्या खोलीत स्टोव्हवर चहा उकळतो आहे, तिघं एकमेकांचं बोलणं तोडत आहात, आणि तपकीरवाले सर चक्क हसत आहेत, असं मला आत्ताही दिसतं. त्यानंतर मी चाळीस वर्षं कॉलेजांत काढली बाई. माणसं आपापल्या विषयांतून उठून अशी एका चहाला बसलेली मी पुन्हा पाहिली नाहीत.

तुम्हाला घरी मीच घेऊन गेले. आबांनी स्टेशनवर दमणी, बैलांची छोटी गाडी, पाठवली होती. मायने वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती, आणि तुम्ही चुलीजवळच पाट ओढून बसलात. आबा दाराशी उभे राहून ऐकत होते. तुम्ही सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी विचारलं, 'बाई, मले एक सांगा. मह्या माल बुरशीनं सडते का गरमीनं सडते का भाड्यानं सडते?'

'तिन्हींनी,' तुम्ही म्हणालात.

'तिन्हीले मिळून दवा एकच?'

'एक वॅगन द्या. मधे वाट सोडून भरू. कमी माल जाईल, पण पोचेल.'

आबा उंबऱ्यावर टेकले. मग म्हणाले, 'द्या म्हणता. नही पोचला तं?' तुम्ही खोटं बोलला नाहीत. 'नाही पोचला तर मला तोंड दाखवता येणार नाही,' म्हणालात. माय मधेच म्हणाली, 'आधी जेवू तं द्या तिले.'

आणि पहिल्या खेपेला नाहीच पोचला. वाट सोडली खरी, पण गाडीच्या हिसक्यांनी घड त्या मोकळ्या जागेत कोसळले आणि चेंगरले. आबांनी मला घरी बोलावून घेतलं आणि कॉलेज बंद म्हणून सांगितलं. तुम्ही दुसऱ्याच दिवशी आलात, एकट्या, स्टेशनपासून चालत, उन्हातान्हात. चुलीजवळ बसला नाहीत. अंगणात उभ्या राहिलात आणि म्हणालात, 'चूक माझी आहे, पोरीची नाही. तिचं शिक्षण थांबवू नका. माझ्यावर रागवा.' आबांनी रागावूनच घेतलं, चांगलं तासभर. तुम्ही ऐकलंत. मग मायने पाण्याचा तांब्या दिला, आणि पाणी पिता पिता तुम्ही आबांना विचारलंत की बांबूच्या तट्ट्या बांधल्या तर घड कोसळतील का. मी आत तोंडाला पदर लावून हसत होते. आबा थक्क होऊन तुमच्याकडे पाहतच राहिले.

तट्ट्या बांधून गेलेली वॅगन नीट पोचली. सगळीच नाही, पण आबा पुन्हा बोलू लागले इतपत. त्यानंतर आमच्या बाजूचे बरेच लोक तशी वाट सोडू लागले, आणि भरणारे मजूर तिला 'बाईची गल्ली' म्हणत. हे मी तुम्हाला सांगितलं होतं तेव्हा तुम्ही लाजला होतात. पुढे ट्रक आले, घडांऐवजी फण्या जाऊ लागल्या, आणि तो शब्दही गेला. आता कुणाला माहीत नाही.

प्रबंध मात्र परत आला. परीक्षकांनी लिहिलं होतं की बुरशीचं काम चांगलं आहे, पण उष्णतेचं प्रकरण आणि भाड्याचं प्रकरण या विषयात बसत नाही. ती दोन्ही काढून पुन्हा पाठवावा, म्हणजे विचार करता येईल. प्राचार्यांनीही तुम्हाला स्पष्टच सांगितलं की पदवी हाती आली तर जागा कायम करणं सोपं जाईल. तपकीरवाले सर म्हणाले, 'काढून टाका बाई. माझं प्रकरण गेलं म्हणून मी मरत नाही.' अर्थशास्त्राचे सरही तेच म्हणाले. मी तर रोज म्हणत होते. तुम्ही आठवडाभर ती पानं पुढे घेऊन बसत होतात. मग एक दिवस मला म्हणालात, 'ती दोन काढली की काय उरतं बघ. बुरशीमुळे केळी कुजते, एवढंच उरतं. आणि ते खरं नाही ना गं.'

तुम्ही प्रबंध होता तसाच परत पाठवलात. तो तसाच परत आला. जूनमध्ये तुमच्या जागेवर दुसरे गृहस्थ आले. चांगले होते ते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

धुळ्याला मी तुम्हाला भेटायला आले, ते आठवतं का? मुलींच्या शाळेत तुम्ही शरीर आणि आरोग्य शिकवत होतात. पांझरा नदीच्या बाजूला एक खोली, खिडकीत तुळशीऐवजी कसलंसं रानरोप. बारीक झाला होतात. मी बी.एस्सी. झाल्याचे पेढे आणले होते. त्यातला एक अर्धा मोडून तुम्ही अर्धा मला दिलात आणि विचारलंत, पुढे काय. मी म्हटलं, तुमचंच काम पुढे नेणार, तिन्ही अंगांनी. वाटलं होतं, तुम्हाला आनंद होईल. तुम्ही हातातला अर्धा पेढा खाली ठेवलात. 'नको. तू नुसत्या बुरशीवर लिही. पदवी घे, कायमची जागा घे. मग काय ते कर. माझ्यासारखं बाहेर उभं राहून काही करता येत नाही.' निघताना तुम्ही मला तुमचं भिंग दिलंत, पितळी दांड्याचं. 'मला आता मुलींचे दात तपासायचे असतात, त्याला हे लागत नाही,' म्हणालात आणि हसलात. ते हसणं मला आवडलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात, मी आपल्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर असताना, तपकीरवाल्या सरांनी मला व्हरांड्यात थांबवून सांगितलं की तुम्ही तापाने गेलात. दवाखान्यात शाळेतल्या एक शिपाईणबाई होत्या, बाकी कुणी नव्हतं. मग सर तासाला गेले. मीही गेले.

मी तुम्ही सांगितलंत तसंच केलं. नुसत्या बुरशीवर लिहिलं, पदवी मिळाली, जागा मिळाली, कायम झाले. 'मग काय ते कर' म्हणाला होतात, ते मात्र राहिलंच. दरवर्षी वाटायचं, यंदा पदार्थविज्ञानाच्या लोकांना विचारू. दरवर्षी परीक्षा, वेळापत्रकं, बैठका, घरची आजारपणं. कुणी अडवलं नाही, बाई. मी नुसती दमून गेले. आणि परवा त्या पाटीखाली उभी होते, तेव्हा वाटलं, तुम्ही मोजलीत ती किंमत या पाटीला कधीच मोजावी लागणार नाही. तिच्याआड कुणी खरंच व्हरांडा ओलांडणारं असेल तर फार बरं होईल. मला तसं कुणी दिसलं नाही. पण माझी नजरही अधू झाली आहे.

हे पाठवायचं कुठे, हा प्रश्न नाहीच. पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला वाचायला द्यायची मला हिंमत नाही. तुम्ही गेल्यावर सगळे तुमच्या सच्चेपणाबद्दल बोलले तेव्हा मीही मान डोलावली. पण मला तुमचा राग आला होता, बाई. दोन प्रकरणं काढायला हवी होती तुम्ही. काढली असती तर जळगावातच राहिला असतात, आणि त्या पावसाळ्यात दवाखान्यात तुमच्या उशाशी मी असते. तुमचंच बरोबर होतं, हे मला कळतं. तरी तो राग अजून गेलेला नाही.